चौंडके आधी ऐकणारा स्टुडिओ : सांगलीतील एका ध्वनिमुद्रण सेवेचे परीक्षण

सांगली, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यात गाणी ध्वनिमुद्रित करून देणारे स्टुडिओ आता बरेच झाले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या पाटीवर लोकगीते, भक्तिगीते व भावगीते असे तिन्ही प्रकार एकाच ओळीत लिहिलेले असतात. प्रत्यक्षात लोकगीत म्हणजे कीबोर्डमधून काढलेला ढोलकीचा ठेका, त्यावर तुणतुण्याचा साठवलेला एखादा तुकडा आणि वरून गायकाचा आवाज, एवढाच त्याचा अर्थ अनेक ठिकाणी उरला आहे. आम्हाला मात्र एक पूर्ण गाणे चौंडक्याच्या आधाराने उभे करायचे होते, आणि ते चौंडके वाजवणाऱ्या बाई खुद्द सोबत होत्या. विश्रामबाग परिसरातील ज्या छोट्या ध्वनिमुद्रण केंद्रात हे काम झाले, त्याच्या सेवेविषयी मी येथे सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे चालक ओळखीतूनच काम घेतात आणि नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून ते देत नाही; परंतु लोकवाद्याचे गाणे करू पाहणाऱ्या कोणालाही असे केंद्र कसे ओळखावे आणि तेथे काय मागावे, हे या अनुभवावरून सांगता येईल.

प्रथम वाद्याविषयी लिहितो, कारण ते समजल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. चौंडके हे लाकडी नळकांड्याचे वाद्य असते. त्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले आणि दुसरे उघडे असते. कातड्याच्या मध्यातून एक तात ओवून ती आतून उघड्या तोंडाबाहेर काढतात आणि तिचे दुसरे टोक एका छोट्या मुठीला बांधतात. वाद्य डाव्या काखेत दाबून धरायचे, मूठ डाव्या हातात घ्यायची आणि उजव्या हातातील लाकडाच्या तुकड्याने तात छेडायची, अशी त्याची रीत आहे. मूठ ओढली की तात ताणली जाते व स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो, आणि या चढउतारातूनच तो बोलल्यासारखा, घशातून निघाल्यासारखा नाद तयार होतो. तारेचा ताण चौपट केला तेव्हा कुठे स्वर एक सप्तक वर जातो, हा भौतिकशास्त्राचा नियम येथे वादकाच्या मनगटात उतरलेला असतो. बंगालमधील बाउलांचा खमक आणि राजस्थानात अलवरकडे वाजणारा भपंग हे चौंडक्याचे जवळचे नातेवाईक होत. आपल्याकडे मात्र हे वाद्य सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या भक्तांकडे, म्हणजे जोगती आणि जोगतिणींकडे राहिले. जत येथील यल्लम्मा देवीच्या मार्गशीर्षातील यात्रेला गेलेल्या कोणाही सांगलीकराने ते पाहिलेले असते, परंतु गाण्याच्या ध्वनिमुद्रणात त्याला मधले स्थान मिळाल्याचे क्वचितच ऐकू येते. जोगव्याच्या प्रसंगापुरते दोन-चार टोले घ्यायचे आणि पुढे सिंथेसायझरवर जायचे, अशीच त्याची बोळवण होत आली आहे.

आमचे गाणे देवीचे नव्हते. जत तालुक्याच्या पूर्व भागातून तासगावकडच्या द्राक्षबागांत विरळणीला, म्हणजे घडांतील जादा मणी काढून घड मोकळे करायला, येणाऱ्या बायकांचे ते गाणे होते. शब्द आमच्याच मंडळातील एका शिक्षकमित्राचे आणि चाल गायिकेने त्या भागात ऐकलेल्या ओव्यांच्या वळणाने बांधलेली. ‘घड राखता राखता दिस बांधाला टेकला’ ही धृवपदाची ओळ संपते तेथे चौंडक्याने तिला उत्तर द्यायचे, अशी कल्पना होती. या कल्पनेत एक अडचण होती आणि ती तांत्रिक नव्हती. देवीचे वाद्य बागेतल्या गाण्याला वाजवायचे की नाही, हे आम्ही ठरवू शकत नव्हतो. ते वादक मावशींनीच ठरवायचे होते. त्यांनी होकार दिला तो एका अटीवर : काम सुरू करण्यापूर्वी त्या देवीचे एक पद पूर्ण म्हणतील आणि ते मध्येच कोणी थांबवणार नाही.

स्टुडिओच्या सेवेची पहिली परीक्षा या अटीपासूनच झाली. आम्ही याआधी ज्या एका ठिकाणी विचारणा केली होती, तेथे ‘तासाचा दर चालू झाल्यावर पूजा-पद तुमच्या वेळात’ असे उत्तर मिळाले होते. या केंद्राच्या ध्वनिमुद्रकाने मात्र ते पद ऐकण्यासाठीच बोलवा, असे सांगितले. ध्वनिमुद्रणाच्या आधी एका दुपारी त्यांनी मावशींना खोलीत बसवले, एकही माईक उभा न करता पद पूर्ण होऊ दिले आणि त्या वाजवत असताना खोलीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत उभे राहून, एकदा अगदी त्यांच्या पाठीमागे गुडघ्यावर बसून, वाद्य ऐकले. या वेळेचे त्यांनी पैसे लावले नाहीत. मला या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण पुढचे जवळपास सर्व निर्णय त्या दुपारच्या ऐकण्यातून निघाले. पाठीमागे बसून ऐकल्यामुळे त्यांच्या लक्षात आले की चौंडक्याचे दोन आवाज दोन दिशांना जातात : उघड्या तोंडाकडून तातेची किणकिण आणि स्वराची घसरण पुढे येते, तर कातड्याचा खोल ठोका काखेच्या मागे, भिंतीकडे जातो. समोर एकच माईक लावणाऱ्याला म्हणूनच हे वाद्य पोकळ आणि चिरके ऐकू येते व तो ते ‘बारीक आवाजाचे’ म्हणून बाजूला टाकतो.

प्रत्यक्ष दिवशी त्यांनी पुढे एक छोट्या पडद्याचा कंडेन्सर माईक आणि मागे कातड्याच्या बाजूला शुअर एसएम ५७ लावला. हा दुसरा माईक १९६५ पासून बाजारात आहे, महागड्या माईकांत त्याची गणना होत नाही आणि लहानमोठ्या बहुतेक स्टुडिओंत तो सापडतो. तेव्हा येथे प्रश्न साहित्याचा नसून ते कोठे ठेवायचे याचा होता, हे नमूद केले पाहिजे. दोन माईक कातड्याच्या दोन विरुद्ध अंगांना असल्यामुळे एकाला कातडे जवळ येताना दिसते तेव्हा दुसऱ्याला ते दूर जाताना दिसते, आणि दोन्ही आवाज तसेच मिसळले तर खालचा ठोका एकमेकांत विरून जातो. ध्वनिमुद्रकाने मागच्या माईकची फेज, म्हणजे त्याच्या ध्वनिलहरीची दिशा, उलटी केली आणि आम्हाला आधीचा व नंतरचा आवाज लागोपाठ ऐकवला. फरक इतका स्पष्ट होता की मावशींनीही मान वर करून ‘आता माझं वाजलं’ असे म्हटले.

त्यानंतर घुंगरांचा प्रश्न आला. मावशींच्या चौंडक्याच्या मुठीला घुंगरांचा एक झुबका बांधलेला आहे, आणि मूठ ओढली की तो प्रत्येक स्वरासोबत वाजतो. पुढचा माईक मुठीच्या जवळ असल्याने घुंगरे तातेपेक्षा मोठी ऐकू येत होती आणि हेडफोनमध्ये तो आवाज कानाला टोचत होता. ध्वनिमुद्रकाच्या सहायकाने घुंगरे तेवढी सोडून ठेवता येतील का, असे विचारले. मावशी म्हणाल्या, ‘दादा, ही काढली तर हात चालायचा न्हाई. त्याच्यावरच तर मोजते.’ येथे हट्ट धरणारे लोक मी पाहिले आहेत. या मंडळींनी झुबका जागेवर ठेवला आणि माईक मुठीच्या रेषेतून काढून नळकांड्याच्या काठावर, थोडा वरून तिरका केला. तातेचा आवाज तितकाच राहिला, घुंगरे मागे सरकली आणि गाण्याचा ताल त्यांच्याच बारीक आवाजावर चालू लागला. अंतिम गाण्यात पहिल्या अंतऱ्यानंतर जी मोकळी जागा आहे, तेथे कान देऊन ऐकल्यास ही घुंगरे आणि मावशींच्या बांगड्या दोन्ही वेगवेगळ्या ओळखता येतात.

स्वर ठरवण्याचे कामही त्यांनी घाईने उरकले नाही. आमच्या गायिकेला काळी पाच ही पेटीवरची पट्टी सोयीची वाटत होती; परंतु त्या पट्टीत धृवपदाचा वरचा स्वर चौंडक्यावर गाठताना तात इतकी ताणावी लागे की ठोक्यातील गोलाई नाहीशी होत असे आणि मावशींचे मनगट लवकर थके. ध्वनिमुद्रकाने सुचवले की चाल बसवताना गायिकेच्या सोयीबरोबर वाद्याची सोय पाहावी, कारण गायिकेला अर्धा स्वर खाली-वर होता येते, तातेला मात्र आपली एक सुखाची जागा असते. त्यांनी आधी मावशींना न गाता नुसते वाजवायला सांगून ती जागा शोधली, मग तंबोरा जुळवला आणि गाणे काळी चारमध्ये आले. गायिकेचा आवाज खालच्या ओळीत किंचित जाडसर झाला, आणि मला वाटते की बागेत उन्हात काम करणाऱ्या बाईच्या तोंडी तो अधिक शोभला. मिरजेसारखे तंतुवाद्यांचे माहेरघर शेजारी असताना, ज्या मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या परिसरातील स्टुडिओत तंबोरा यंत्रातून न लावता खरा ठेवलेला असावा, ही अपेक्षा रास्तच आहे; येथे तो होता आणि जुळवून देणारा माणूसही होता.

लयीच्या बाबतीत मात्र सुरुवात चुकीची झाली होती. आजच्या पद्धतीप्रमाणे प्रथम मावशींच्या कानात हेडफोन घालून त्यात क्लिक, म्हणजे यंत्राचा सारखा टिकटिक ठेका, दिला गेला. सहा मात्रांच्या ठेक्यात त्या प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी स्वर थोडा ताणून धरतात आणि मग समेवर पडतात. यंत्राला ते ताणणे मान्य नसते. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात त्या क्लिकच्या मागे राहत, मग पुढे धावत, आणि शेवटी त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. ध्वनिमुद्रकाने लगेच पद्धत बदलली. वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या वेळी घेण्याऐवजी मावशी, झांज वाजवणारी त्यांची भाची आणि गायिका अशा तिघींना एकाच खोलीत, मध्ये गाद्यांचे आडोसे उभे करून, एकमेकींचे चेहरे दिसतील अशा बेताने बसवले आणि तिघींचे एकत्र ध्वनिमुद्रण केले. नंतर मावशींच्या वाजवण्यावरूनच संगणकात लयीचा आराखडा तयार केला, म्हणजे जेथे त्या थांबल्या तेथे तोही थांबला, आणि ढोलकी व पेटी नंतर त्या आराखड्यावर वाजवून घेतली. गाणे सुरुवातीपेक्षा शेवटी जलद आहे. कोणी तो दोष म्हणेल. माझ्या मते विरळणीच्या कामाला संध्याकाळी जी गती येते, तीच ती आहे, आणि ती टिकवण्यासाठी ध्वनिमुद्रकाने स्वतःचे काम वाढवून घेतले.

एकत्र ध्वनिमुद्रणाचा एक तोटा असतो, तोही सांगितला पाहिजे. गायिकेच्या माईकमध्ये चौंडके येते आणि चौंडक्याच्या माईकमध्ये गायिका. एकीची चूक झाली तर तिघींना पुन्हा करावे लागते, आणि गायिकेच्या एखाद्या स्वराची यंत्राने दुरुस्ती करायला गेल्यास मागचे चौंडकेही वाकडे होते. त्यामुळे अशी पद्धत निवडणाऱ्यांनी घरी पुष्कळ तालीम करूनच यावे.

पावसाळ्यात काम असल्यामुळे कातड्याने त्रास दिला. हवेतील दमटपणाने कातडे सैल पडते आणि ठोका मेंगळट होतो. हलगीवाले अशा वेळी पालापाचोळ्याचा जाळ करून हलगी शेकतात, पण स्टुडिओच्या बंद खोलीत जाळ शक्य नव्हता. केंद्रात एक जुना तारेचा बल्ब असलेला टेबलदिवा ठेवलेला आहे, त्याच्या उबेला कातडे धरून ते चढवले गेले. मात्र वातानुकूलन यंत्र चालू असताना खोली कोरडी होऊन कातडे अधिकच चढे आणि ध्वनिमुद्रणासाठी यंत्र बंद केले की पुन्हा उतरे. अखेर यंत्र पूर्ण बंद ठेवून, मधल्या विश्रांतीत दार उघडून काम करावे लागले. खोलीत उकाडा होता. त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही, परंतु पंख्याचा आवाज न येणारी हवेशीर व्यवस्था लोकवाद्यांचे काम घेणाऱ्या केंद्राने करायला हवी.

सोयींच्या बाबतीत केंद्र साधारण आहे. खोली पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि उद्वाहक नाही. वयस्कर वादकांना चढणे जड जाते. आत सर्व बैठक खुर्च्यांची होती, तर चौंडके मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या शरीराशी जुळलेले वाद्य आहे. सतरंजी मागवून मिळाली, हे खरे. पण ती आधीपासून अंथरलेली असती तर पहिला अर्धा तास वाचला असता. चहा-पाण्याची व्यवस्था चांगली होती.

मिश्रणाच्या, म्हणजे सर्व आवाज एकत्र जुळवण्याच्या (मिक्सिंगच्या), पहिल्या मसुद्याने आम्हाला निराश केले. ध्वनिमुद्रणात इतकी काळजी घेणाऱ्या त्याच केंद्राने मिश्रणाच्या वेळी गाण्याखाली बेस गिटारचा जाड थर घातला होता आणि चौंडक्याचा खालचा ठोका त्यात पूर्ण बुडाला होता. वर केवळ किणकिण उरली होती, म्हणजे जे टाळण्यासाठी मागे माईक लावला तेच घडले होते. त्यांचे म्हणणे असे की मोबाइलवर ऐकणाऱ्यांना गाणे ‘भरलेले’ वाटले पाहिजे. हे म्हणणे पूर्णपणे निराधार नाही, कारण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे आवाज जवळजवळ बाहेर पडतच नाहीत आणि चौंडक्याचे अर्धे अंग तेथे हरवते. परंतु बेस गिटारही त्याच स्पीकरमधून हरवतो, हे आम्ही त्यांना दाखवून दिले. मग त्यांनी बेस काढून टाकला आणि कातड्यावरील ठोक्याच्या सुरुवातीचा जो कडक ‘टप्’ असा भाग असतो तो थोडा वर उचलला. त्यामुळे खोल आवाज ऐकू न आला तरी ठोका पडल्याचे कानाला कळते. दुसरा मसुदा मोबाइलवर, साध्या स्पीकरवर आणि केंद्राबाहेर उभ्या असलेल्या एका प्रवासी जीपमधील ध्वनियंत्रणेवर ऐकून मग नक्की केला. जीपमध्ये ऐकण्याची कल्पना चालकांची होती, आणि आपल्या भागातील गाणी प्रत्यक्षात कोठे वाजतात याची जाण तीत दिसते.

आवाजाच्या एकूण पातळीबाबत त्यांनी घेतलेला निर्णय मला पटला. आज गाणे जितके कर्कश मोठे करता येईल तितके करण्याची स्पर्धा चालते, पण स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) या पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे अती दाबून मोठे केलेले गाणे तेथे फक्त चपटे होऊन ऐकू येते. चौंडक्याच्या ठोक्यात अचानक उसळी असते आणि ती दाबली तर वाद्याचा जीव जातो. आमचे गाणे त्यांनी त्या पातळीच्या आसपास ठेवले आणि उसळी राखली. शेजारच्या गाण्यापेक्षा ते थोडे हळू वाटते, अशी तक्रार आमच्याच मंडळातील काहींनी केली, तिच्याशी मी सहमत नाही.

काम संपल्यावर केंद्राने अंतिम गाण्याबरोबर प्रत्येक माईकचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जात, आमच्या हार्ड डिस्कवर कोणतेही जादा शुल्क न घेता उतरवून दिले. अनेक ठिकाणी हे साहित्य स्टुडिओकडेच राहते आणि काही वर्षांनी जागेअभावी पुसले जाते. चौंडक्यासारख्या वाद्याचे, एका अनुभवी वादकाच्या हातचे, दोन बाजूंनी स्वच्छ घेतलेले ध्वनिमुद्रण हा केवळ आमच्या गाण्याचा कच्चा माल नाही. उद्या कोणाला हे वाद्य शिकायचे असेल तर तातेचा ताण कोठे बदलतो हे त्यातून ऐकता येईल. मावशींचे सुरुवातीचे पदही, मुद्रणाच्या दिवशी म्हटलेले, या साहित्यात पूर्ण आहे, आणि त्यांच्या सांगण्यावरून ते आम्ही कोठेही प्रसिद्ध केलेले नाही.

आता ज्या बाबतीत केंद्राने सुधारणा केलीच पाहिजे त्याकडे येतो. त्यांच्या छापील करारपत्रात गाण्याचे सर्व हक्क निर्मात्याकडे, म्हणजे आमच्याकडे, राहतील असे एक वाक्य होते आणि वादकांच्या सहीसाठी खाली रेघ होती. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला, म्हणजे वादक व गायक यांनाही, आपल्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. हा हक्क ५० वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापर झाल्यास मानधनातील वाट्याचाही विचार केला आहे. ज्या बाईला अक्षरओळख जेमतेम आहे, तिच्यापुढे असे एकवाक्यी पत्र सहीसाठी ठेवणे योग्य नव्हे, मग ते कितीही सवयीने ठेवलेले असो. आम्ही ते पत्र बाजूला ठेवून मावशींना वाचून दाखवता येईल असे नवे, साध्या मराठीतले पत्र केले, त्यात मानधन, पुढील उत्पन्नातील वाटा आणि नावाचा उल्लेख स्पष्ट लिहिला. केंद्राने ते विनातक्रार स्वीकारले व त्याची एक प्रत आपल्याकडे नमुना म्हणून ठेवून घेतली, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवावीशी वाटते.

श्रेयाच्या नोंदीतही असाच गोंधळ झाला. गाणे ऑनलाइन सेवांवर चढवण्याचे काम केंद्रच करते, आणि त्यासाठी भरलेल्या माहितीत मावशींचे नाव नव्हते. केवळ ‘परकशन’ अशी नोंद होती. ज्या वाद्यावर गाणे उभे आहे त्याचे नाव आणि ते वाजवणाऱ्या बाईचे नाव दोन्ही गायब होणे ही किरकोळ बाब नव्हे, कारण या नोंदींवरूनच पुढे कोणी कलाकाराला शोधू शकतो आणि मानधनाचा हिशेब लागतो. आम्ही सांगितल्यावर नाव आणि ‘चौंडके’ हा शब्द दोन्ही घातले गेले. गाणे प्रसिद्ध होण्याआधी ही माहिती प्रत्येकाने स्वतः वाचून पाहावी.

चित्रफितीविषयीही दोन शब्द लिहितो. केंद्राशी जोडलेल्या एका तरुण छायाचित्रकाराने मावशींना डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेऊन थोडे चालायला लावावे, म्हणजे रील चांगली होईल, असे सुचवले. जोगतिणींच्या आयुष्यामागे मुलींना देवाला सोडण्याची जी प्रथा आहे, तिच्या बंदीसाठी महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला. त्या प्रथेचे ओझे ज्यांनी वाहिले त्यांना सजावटीसारखे उभे करणे कोणालाही शोभणारे नाही. केंद्राच्या चालकांनी आम्ही बोलण्याआधीच त्याला थांबवले आणि मावशींना विचारून केवळ त्यांच्या हातांचे आणि वाद्याचे चित्रीकरण केले. तात ओढताना अंगठ्याच्या मुळाशी पडलेला जाड घट्टा त्या चित्रफितीत अगदी जवळून दिसतो.

दराबाबत सांगायचे तर, येथे तासाचा दर शहरातील मध्यम स्टुडिओंइतकाच आहे, परंतु माईक लावण्याचा आणि वाद्य जुळवण्याचा वेळ त्यात धरत नाहीत, आणि लोकवाद्याच्या कामात हाच वेळ सर्वांत अधिक असतो. पूर्ण गाण्याचा ठोक दरही मिळतो. पण त्यात मिश्रणाच्या दुरुस्तीची एकच फेरी असते, तेव्हा दोन फेऱ्या आधीच लिहून घ्याव्यात. ज्यांना तयार ठेक्यावर एका दिवसात भक्तिगीत करून हवे आहे त्यांच्यासाठी हे केंद्र नाही. त्यांना येथे वेळ फार लागल्यासारखे वाटेल. ज्यांच्याकडे डफ, संबळ, चौंडके, गजी ढोल किंवा असे कोणतेही आवाजाने अवघड वाद्य आहे आणि ते वाजवणारा माणूस सोबत आहे, त्यांनी मात्र येथे जरूर विचारणा करावी.

जाताना शक्यतो कोरड्या ऋतूत जावे, वादकांसाठी बैठक आधी सांगून ठेवावी आणि तातेचा एक सुटा तुकडा जवळ बाळगावा. आमची तात शेवटच्या अंतऱ्याच्या आधी तुटली. मावशींच्या पिशवीत दुसरी होती, ती ओवून, गाठ मारून, ताणून पुन्हा सुखाच्या जागेवर आणायला बराच वेळ गेला, आणि तो वेळ बिलात धरलेला नव्हता.